धामणीचे धनुष्य

अमरावती शहराच्या राजापेठ भागात, हमरस्त्याची वर्दळ जेथे मागे पडते अशा एका बोळात, एक जुने कौलारू घर आहे. घराच्या पडवीत सुताराचा ठिय्या आहे. भिंतीला टांगलेल्या करवती, फळीवर ओळीने मांडलेल्या पटाश्या, कोपऱ्यात टेकलेला वासला आणि जमिनीवर सदैव पसरलेल्या ढलप्या पाहिल्या, म्हणजे घरधन्याचा व्यवसाय कोणास विचारावा लागत नाही. एके काळी या पडवीत बैलबंड्या तयार होत. वऱ्हाडच्या काळ्या मातीतून कापसाचे बोजे वाहून नेणाऱ्या त्या बंड्यांचे जू, धुरा, तुंबे आणि आरे घडवण्यात या घरातील आबाजींचे सारे तारुण्य गेले. पुढे रबरी चाके आली, ट्रॅक्टर आले, आणि बंडी घडवून घेण्यास येणारे शेतकरी हळूहळू दिसेनासे झाले. आबाजींनी सत्तरी ओलांडली. खुर्चीचा मोडका पाय, दाराची सैल बिजागरी, अशी किरकोळ कामे तेवढी त्यांच्याकडे येत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. परंतु लाकडावरून नुसता अंगठा फिरवून ते त्याची जात, वय आणि स्वभाव सांगत.

या आबाजींचा नातू सातवीत शिकत होता. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्याने शहरातील एका मैदानावर धनुर्विद्येचा सराव पाहिला आणि तेव्हापासून त्याला दुसरे काही सुचेना. व्यायामाची आवड हा अमरावतीचा जुनाच गुण आहे. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली. आणि १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा याच मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी आणि इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवने अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत धनुर्विद्येचे धडे घेतले, आणि मजुरी करणाऱ्या आईबापांचा हा मुलगा २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिक मैदानावर भारताच्या वतीने उभा राहिला. ही हकिगत शहरातील मुलांना तोंडपाठ आहे. आबाजींच्या नातवानेही ती ऐकली होती.

आपल्या देशातील स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात यंत्रासारखी महागडी धनुष्ये चालत नाहीत; बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य घेऊन नेम धरावा लागतो. मैदानावरच्या शिक्षकांनी सांगितले होते, की नवरात्रात एका रविवारी नव्या मुलांची चाचणी होईल. ज्याच्याजवळ स्वतःचे साधे धनुष्य असेल, त्याने ते घेऊन यावे.

त्या रात्री जेवताना मुलाने वडिलांजवळ हा विषय काढला. वडील एका दुकानात हिशेब लिहीत असत. त्यांनी घास खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हटले, “पुढल्या वर्षी पाहू.” या घरात ‘पुढल्या वर्षी’ या शब्दांचा अर्थ मुलांना न सांगताच कळत असे. मुलगा गप्प झाला. आबाजी मात्र जेवण संपेपर्यंत छताच्या वाशांकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नातवाला शिडी लावण्यास सांगितले. माळ्यावर, धुराने काळ्या पडलेल्या वाशांच्या आधाराने, पुरुषभर उंचीचा एक लाकडाचा तुकडा ठेवलेला होता. बंडीच्या कामासाठी म्हणून आबाजींनी तो अनेक वर्षांपूर्वी परतवाड्याच्या लाकूडबाजारातून आणला होता. त्या बंडीचे गिऱ्हाईक पुन्हा आलेच नाही. धुळीचा थर पुसून आबाजींनी लाकूड मांडीवर घेतले. “धामण हाय ही,” ते म्हणाले, “इची बहीण आता माळ्यावर नाही. एकच तुकडा हाय, हे ध्यानात ठेव.”

मेळघाटच्या रानात सागाच्या सोबतीने धामण वाढते. तिचे लाकूड चिवट आणि लवचीक असते. म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, कावडीच्या काठ्या आणि गाड्यांचे भाग यांसाठी ते पूर्वीपासून वापरले जाते. कावडीची काठी ओझ्याने वाकते आणि ओझे उतरताच सरळ होते. धनुष्याला तरी याहून वेगळा कोणता गुण हवा? संस्कृतात ‘धन्वन्’ म्हणजे धनुष्य, आणि धामणीचे एक संस्कृत नाव ‘धन्वंग’ असे आहे. झाडाचे नाव ठेवणाऱ्या पूर्वजांनी त्याचा उपयोगच त्या नावात बांधून ठेवला आहे.

मागल्या दसऱ्याला मुलाने स्वतःच्या मनाने एक धनुष्य केले होते. कडुनिंबाची हिरवी फांदी तोडून तिला सुतळी बांधली, एवढाच तो उद्योग. संध्याकाळपर्यंत ते धनुष्य वाकले ते वाकलेलेच राहिले आणि बाण हातभर अंतरावर पडू लागला. ओल्या लाकडात पाणी असते. ते वाकते, पण परत येण्याचे बळ त्यात नसते. धामणीचा हा तुकडा मात्र वर्षानुवर्षे सावलीत वाळला होता. आबाजींनी तो आणला त्याच दिवशी त्याच्या दोन्ही तोंडांना लाख लावून ठेवली होती. कारण लाकूड तोंडाकडून लवकर सुकते, आणि एक भाग लवकर, दुसरा उशिरा सुकला, म्हणजे ते तडकते. शिवाय हा तुकडा करवतीने चिरलेला नव्हता. पाचर ठोकून उभा फोडलेला होता. करवत आपल्या मर्जीने जाते आणि वाटेत येणारे धागे कापते. पाचर मात्र लाकडाच्या मर्जीने जाते. धागा जिकडे वळतो, तिकडे तीही वळते.

काम सुरू झाले. प्रथम आबाजींनी नातवाला लाकडाच्या तोंडावरची वलये दाखवली. झाडाच्या वाढीबरोबर उमटलेल्या या वलयांपैकी बाहेरचे एक सलग वलय निवडून, त्याला कोठेही न कापता, टोकापासून टोकापर्यंत उघडे करावयाचे होते. तीच धनुष्याची पाठ. बाण सोडताना जी बाजू धनुर्धराच्या समोर, लक्ष्याकडे असते तिला पाठ म्हणतात आणि जी त्याच्याकडे असते ते पोट. धनुष्य ओढले, की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. ताणलेल्या पाठीतला एक धागा जरी तुटलेला असला, तरी तेथून फाटत जाऊन सारे धनुष्य मोडते. “पाठीले एकदा साफ केलं, की पुन्हा हत्यार लागू द्याचं नाही,” आबाजी म्हणाले. “जे काय काढाचं ते पोटाकडून.”

मग मध्य काढला. एका सुताला कोळशाची पूड लावून ते दोन्ही टोकांवर ताणले आणि मधोमध उचलून सोडले. लाकडावर सरळ काळी रेघ उमटली. मध्यावर मुलाच्या मुठीएवढी जागा जाड ठेवली आणि तेथून दोन्हीकडे टोकांपर्यंत निमुळते होत जाणारे दोन बाहू आखले. वासला आबाजींनी स्वतः चालवला. डोळ्यांना धूसर दिसत असूनही प्रत्येक घाव रेघेच्या अलीकडे पडत होता. वासल्यानंतर रंधा, रंध्यानंतर कानस आणि अखेरीस फुटक्या काचेचा धारदार तुकडा, असा हत्यारांचा क्रम होता. काचेने खरवडले, की कागदाहून पातळ, कुरळ्या सालपटी निघत. मुलाला हे काम फार आवडले. परंतु आबाजी त्याला मोजून दहा वेळा खरवडू देत आणि थांबवीत.

याचे कारण मुलाच्या थोरल्या बहिणीने, ताईने, त्याला समजावून दिले. ती दहावीत होती. वहीच्या पानावर तिने एक पट्टी काढली आणि म्हटले, “पट्टीची रुंदी दुप्पट केलीस, तर ती वाकवायला दुप्पट जोर लागेल. पण जाडी दुप्पट केलीस, तर किती लागेल?” मुलगा म्हणाला, “दुप्पटच.” ताई हसली. “आठपट. जाडीचा घन होतो. म्हणून जाडीत थोडी चूक झाली, तरी बळात मोठी चूक होते. दहा मिलिमीटरमधला एकच मिलिमीटर काढलास, तर एक चतुर्थांशाहून अधिक बळ गेले म्हणून समज.” मुलाने गुणाकार करून पाहिला. ०.९ चा घन ०.७२९, म्हणजे १०० मधले २७ गेले! त्या दिवसापासून काचेचा तुकडा हाती घेताना त्याला थोडे भय वाटू लागले. ताईनेच त्याला आणखी एक गंमत सांगितली. भूमितीत वर्तुळाची ‘जीवा’ म्हणतात, ती मुळात धनुष्याची दोरी. आणि भारतीय गणितातील ‘ज्या’ हा शब्दही दोरीचाच. हा शब्द अरबी आणि लॅटिन भाषांतून प्रवास करीत आजच्या ‘साइन’पर्यंत पोहोचला आहे.

धनुष्य घडवण्यात सर्वांत कठीण काम पुढेच असते. दोन बाहू दिसण्यास सारखे झाले, म्हणून ते वाकण्यास सारखे होत नाहीत. लाकूड म्हणजे काही साच्यातून काढलेली वस्तू नव्हे. एका बाजूस धागा घट्ट, दुसऱ्या बाजूस सैल असतो. तेव्हा धनुष्य वाकवून पाहावे, जेथे ते ताठ राहिले तेथे पोटाकडून किंचित खरवडावे, पुन्हा वाकवून पाहावे, असे शेकडो वेळा करावे लागते. जेथे आधीच अधिक वाकते त्या जागेला हात लावावयाचा नाही; तिच्या आजूबाजूला काम करावयाचे.

या कामासाठी आबाजींनी पडवीच्या भिंतीत एक भक्कम बेचके ठोकले आणि त्यात धनुष्याची मूठ आडवी बसवली. धनुष्याला तात्पुरती लांब दोरी लावून तिच्या मध्यास एक जाड दोर अडकवला. तो दोर खाली जमिनीलगतच्या कप्पीतून ओवून समोरच्या भिंतीपर्यंत नेला. भिंतीवर गेरूने पाच-पाच सेंटिमीटरवर आडव्या रेघा ओढल्या; सर्वांत खालची रेघ ६० सेंटिमीटरची. मुलगा समोरून दोर ओढी. धनुष्याचे दोन्ही बाहू पक्ष्याच्या पंखांसारखे खाली येत. आबाजी भिंतीजवळ स्टुलावर बसून पाहत आणि नीट दिसले नाही, की विचारीत, “डावा कोणत्या रेघेवर हाय? अन् उजवा?” मुलगा सांगे. अशा रीतीने म्हाताऱ्याचे हात आणि मुलाचे डोळे मिळून एक कारागीर तयार झाला होता.

दोर एकदम खाली ओढण्यास मुभा नव्हती. आज या रेघेपर्यंत, परवा त्याच्या खालच्या. प्रत्येक वेळी खरवडल्यावर वीस-तीस वेळा हळूहळू ओढून सोडावे लागे. “लाकडाले वाकणं शिकवा लागते,” आबाजी म्हणत. “एका दिवसात तू तरी पाढे शिकला होता काय?”

मनुष्य हे काम फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ साली एल्म लाकडाची धनुष्ये सापडली. ती सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत. इंग्लंडचे मेरी रोज नावाचे लढाऊ जहाज १५४५ साली समुद्रात बुडाले आणि १९८२ साली वर काढण्यात आले. त्याच्या अवशेषांत यू नावाच्या झाडाची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. आपल्या सातपुड्यात राहणारे भिल्ल बांबूचे धनुष्य करतात आणि त्याची दोरीदेखील बांबूच्याच पातळ चिरफळीची असते. देश वेगळे, झाडे वेगळी. पण वाकवून पाहणे आणि थोडे थोडे काढणे, ही रीत सर्वत्र एकच.

धनुष्य ४५ सेंटिमीटरच्या रेघेपर्यंत सुरेख वाकू लागले. वाण्याकडून आणलेल्या ताणकाट्याने वजन पाहिले, तेव्हा पूर्ण ओढल्यावर ते सुमारे १२ किलोचे होईल, असा अंदाज निघाला. आता फक्त डाव्या बाहूवर, मुठीपासून दोन विती अंतरावर, एक ताठ जागा उरली होती. त्याच सुमारास आबाजींच्या एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस आला. जाताना ते नातवाला म्हणाले, “मी येईपर्यंत धनुष्य खुंटीवर राहू दे.”

चाचणीचा रविवार चार दिवसांवर आला होता. दुपारी घरात कोणी नव्हते. मुलाने धनुष्य खुंटीवरून काढले. केवळ पाहावे, एवढाच त्याचा विचार होता. मग वाटले, ती एक जागा दहा वेळा खरवडली तर काय बिघडणार आहे? दहाचे वीस झाले, विसाचे पन्नास झाले. सालपटी सुरेख निघत होत्या आणि मोजण्याचे भान राहिले नाही. मग त्याने धनुष्य बेचक्यात बसवले आणि दोर ओढला. पन्नासची रेघ आली, पंचावन्नची आली. हर्षाच्या भरात त्याने साठच्या रेघेपर्यंत दोर खेचला.

‘टिक्’ असा बारीक आवाज झाला.

मुलाने दोर सोडला आणि धावत जाऊन पाहिले. पाठ शाबूत होती. परंतु डाव्या बाहूच्या पोटावर, नेमक्या त्याच जागी, केसाएवढी एक आडवी चुणी पडली होती. खरवडून पातळ झालेली ती जागा एकटीच सारा वाक सोसत होती आणि तेथील लाकूड आतल्या आत चिरडले होते. मुलाच्या पायांतील बळ गेले. माळ्यावर दुसरा तुकडा नव्हता. त्याने घाईघाईने मेण घेतले, त्यात भुसा कालवला, त्या चुणीत भरला आणि वरून तेलाचा हात फिरवला. चुणी दिसेनाशी झाली. त्याने धनुष्य होते तसे खुंटीवर टांगले.

आबाजी संध्याकाळी घरी आले. डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनी सवयीप्रमाणे खुंटीवरच्या धनुष्यावरून हात फिरवला, क्षणभर थांबले आणि काही न बोलता आत गेले. मुलाला त्या रात्री झोप लागली नाही.

दोन दिवसांनी पट्टी निघाली. आबाजींनी अंगणात येऊन जास्वंदीकडे पाहिले, कौलांकडे पाहिले, नातवाच्या तोंडाकडे पाहिले. “किती दिवसांनी तुझा चेहरा साफ दिसून राहिला!” ते म्हणाले. “चाल, आता धनुष्य पाहू. आज माझ्या डोळ्यानं वाक पाहतो.”

त्यांनी धनुष्य बेचक्यात बसवले. स्टूल भिंतीजवळ, अगदी डाव्या बाहूखाली ओढून घेतले. मान वर करून, नुकत्याच उघडलेल्या त्या डोळ्याने ते निरखू लागले. “वढ,” ते म्हणाले.

मुलाने दोर हातात घेतला. त्याने थोडा ताण दिला. बाहू वाकू लागला, आणि मेणाने बुजवलेल्या जागी तो कोपरातून मुडपल्यासारखा दिसू लागला. धनुष्य मोडले, तर त्याचे तुकडे कोठे उडतील, हे मुलाला समजत होते. त्याच जागेखाली आबाजींचा चेहरा होता. “आणखी,” आबाजी म्हणाले. “साठपर्यंत येऊ दे.”

मुलाच्या तळहाताला घाम सुटला. एकदम सोडला, तरी धोका. ओढला, तर त्याहून मोठा. त्याने श्वास रोखून दोर हळूहळू, बोटाबोटाने सैल केला. धनुष्य पूर्ण सरळ झाले, तेव्हा त्याला रडू कोसळले.

“आबाजी, तिथून उठा. मी मोडलं हो ते! तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा खरवडलं, साठपर्यंत ओढलं, आणि मेण भरून लपवलं.”

आबाजी उठले. त्यांनी धनुष्य बेचक्यातून काढून मांडीवर घेतले. त्यांचा अंगठा कोठेही न शोधता सरळ त्या जागेवर गेला आणि नखाने त्यांनी मेण उकरून काढले. मुलाने ते पाहिले. त्याला बरेच काही विचारावेसे वाटले. पण त्याने विचारले नाही.

बऱ्याच वेळाने आबाजी बोलू लागले. “मी तुझ्यापेक्षा थोडा मोठा होतो तवाची गोठ. एका धुऱ्यात गाठ निघाली. मी ते मेणानं बुजवली, वरून रंग देल्ला. मालक खुश होऊन बंडी घेऊन गेला. भर पावसात, नाल्यात, कापसासकट बंडी बसली. माणूस वाचला, पण बैलाचा पाय गेला. मेण लाकडाले जोडत नाही, बाप्पा. ते फक्त पाहणाऱ्याले फसवते.”

“आता काय करायचं?” मुलाने विचारले.

“लाकूड काढता येते, लावता येत नाही. जे जागा उणी झाली ते उणीच राहीन. आता बाकीच्या साऱ्या धनुष्याले तिच्या बरोबरीनं आणा लागन. ते सारं मिळून वाकलं, म्हणजे तिच्या एकटीवर भार येणार नाही.”

ताईला बोलावण्यात आले. त्या जागेची जाडी १४ मिलिमीटर होती. आता ती १२ भरली. सारे धनुष्य त्याच प्रमाणात पातळ करावयाचे, तर बळ किती उरेल? तिने घन करून सांगितले, “शंभरातले ६३.” बारा किलोचे धनुष्य आठ किलोच्याही आतबाहेर येणार होते. मुलाने मान खाली घातली. एका दुपारच्या घाईने धनुष्याचे एक तृतीयांशाहून अधिक बळ खाल्ले होते.

पुढील दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काम चालले. या वेळी काच मुलाच्याच हाती होती. दहा वेळा खरवडणे, मग थांबणे. वीस वेळा ओढणे, मग पाहणे. आबाजी मोजत नव्हते. मुलगा स्वतःच मोजत होता. दुखावलेल्या जागेवर त्यांनी सरस लावून बारीक दोऱ्याचे घट्ट वेढे दिले. दोरी तागाची वळली. धाग्यांचे दोन जुडगे करून प्रत्येकाला एका दिशेने पीळ दिला आणि दोघांना एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळले. त्यामुळे दोन्ही पीळ एकमेकांना धरून राहतात आणि दोरी उलगडत नाही. तिच्यावर मधमाशीचे मेण चोळले. धनुष्याला जवसाच्या तेलाचे हात दिले, म्हणजे ओल आत शिरणार नाही. दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत, मूठ वळून अंगठा उभा केला असता भरेल, एवढे अंतर ठेवले. अखेर ताणकाटा लावला. साठच्या रेघेवर काटा आठाच्या जरा अलीकडे थांबला. दोन्ही बाहू चंद्रकोरीसारखे सारखे वाकले होते.

“दोन गोठी इसरू नको,” आबाजी म्हणाले. “बाण लावल्याबिगर दोरी सोडाची नाही, बाणाचं बळ मग धनुष्यालेच बसते. अन् काम झालं, की दोरी उतरवाची. चढवून ठेवलेलं धनुष्य निजत नाही, अन् न निजलेलं लवकर म्हातारं होते.”

रविवारी मुलगा मैदानावर गेला. इतर मुलांची धनुष्ये त्याच्या धनुष्याहून बळकट होती. त्याचे पहिले दोन बाण लक्ष्याच्या अलीकडेच गवतात शिरले. तिसऱ्या वेळी त्याने नेम उंच धरला; बाण मोठी कमान करून गेला आणि लक्ष्याच्या बाहेरच्या पांढऱ्या वर्तुळात रुतला. पुढचे तीनही बाण लक्ष्याला लागले. त्या वर्षी त्याची निवड झाली नाही. परंतु परत जाताना शिक्षकांनी त्याचे धनुष्य मागून घेतले, दोन-तीनदा ओढून पाहिले आणि म्हटले, “फार सुरेख वाकते. कोणी केले?”

“आबाजींनी आणि मी,” मुलगा म्हणाला. मग दोऱ्याच्या वेढ्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, “आणि याच्या खाली एक चुणी आहे, सर. ती माझी आहे.”

शिक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि सरावासाठी दररोज सायंकाळी येण्यास सांगितले.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. पडवी सारवली गेली. पाटावर वासला, रंधा, करवती, पटाश्या मांडून आबाजींनी त्यांना हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले ठेवली. मुलगा दाराशी उभा होता. आबाजींनी हात पुढे केला, तेव्हा त्याने खुंटीवरचे धनुष्य काढून आणले. आणि पाटावर ठेवण्यापूर्वी त्याची दोरी उतरवलेली आहे ना, ते एकदा पाहून घेतले.